चौफुलीचं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आणि ज्या दोन माणसांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कळंबचे नाही. आमच्या गावात सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारच्या आत एसटी स्टँडवर चहा पीत बसलेली असते.

गोष्ट एवढीशी आहे — मसुराच्या दाण्याएवढी. खरंच तेवढीच. प्लास्टिकच्या एका डब्याखालचं बटण. त्यापायी माणूस तीस वर्षं गप्प कशाला बसेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. गेल्या दिवाळीपर्यंत तर मी ते विसरूनच गेले होते, म्हणजे — नाही. विसरले नव्हते. निदान इथं तरी खोटं नको. आठवण यायची आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे.

डबा कसला, ते आधी सांगते.

माझा मामा मस्कतला होता. त्यानं आम्हाला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता — तो कॅसेट खोचायचा, आता लोक हौसेनं शोधत फिरतात तो. त्याला दोन रिमोट. जॉयस्टिक, कंट्रोलर हे शब्द आमच्याकडं पोचले नव्हते. हातात धरून दाबायचं ते सगळं रिमोट. दोन रिमोट म्हणजे दोघंच खेळणार, मी आणि माझा धाकटा भाऊ दत्ता. बाकीच्यांनी बघत बसायचं. पुढच्या सुट्टीत मामानं आणखी दोन रिमोट, व्हॉलीबॉलची एक कॅसेट आणि हा डबा आणला. करड्या रंगाचा, कंपासपेटीहून थोडा मोठा. मागच्या दोन तारा मशीनमध्ये खोचायच्या. पुढं चार भोकं, चार भोकांत चार रिमोट. एकाच वेळी चौघं खेळणार. आमच्या गल्लीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. खिडकीच्या गजांना धरून पोरं बघत उभी राहायची. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डब्याचं नाव ठेवलं चौफुली. चार वाटा फुटतात म्हणून.

अप्पा शाळेत गुरुजी होते. कडक. वर्गात ते हसले तर पोरं घरी जाऊन सांगत, आज गुरुजी हसले. पण चौफुली आली आणि अप्पा रोज संध्याकाळी चौथा रिमोट घेऊन मांडी घालून बसू लागले. त्यांना खेळता काडीचं येत नव्हतं. चेंडू डावीकडं गेला की रिमोट धरून स्वतःच डावीकडं कलायचे, आणि हसायचे. मोठ्यानं. आई स्वयंपाकघरातून बघायला यायची, हे नक्की कोण हसतंय म्हणून.

चौघं म्हणजे मी, दत्ता, अप्पा आणि उज्वला. उज्वला माझी आतेबहीण, ईट नावाच्या खेड्यातली. माझ्याच वयाची, अकरा वर्षांची. तालुक्याला चांगलं शिकेल म्हणून अप्पांनी तिला आमच्याकडं ठेवून घेतलं होतं. पहिल्या आणि दुसऱ्या भोकात मी आणि दत्ता — ही एक पार्टी. तिसऱ्या आणि चौथ्यात उज्वला आणि अप्पा.

ती जिंकायची. रोज. खेड्यातून आलेली, रिमोट पहिल्यांदा हातात घेतलेली पोरगी, आणि आठ दिवसांत तिचा अंगठा असा काही चालायला लागला की आमचा चेंडू जमिनीवरच. एका संध्याकाळी तिनं शेवटचा फटका मारला आणि अप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "वा गं माझी पोरगी."

माझी पोरगी.

बस, एवढंच. ह्यावरून कुणी काही करतं का? मी केलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी चौफुली उलटी केली. तिच्या पोटाखाली एक बारीक सरकतं बटण होतं, एका बाजूला इंग्रजी दोन, दुसऱ्या बाजूला चार. मी ते नखानं दोनवर नेलं. संध्याकाळी तिसरा रिमोट मेला — आणि चौथाही मेला, कारण ते बटण तसंच असतं, एकटी उज्वला त्यातून वगळता येत नाही. अप्पांचाही रिमोट मेला, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बटण परत फिरवू शकत होते. सगळे समोर बसले होते, कसं फिरवणार, असं मी मनाशी म्हटलं. पण नंतर सगळे जेवायला उठले, खोलीत मी एकटी होते. तेव्हाही नाही फिरवलं.

उज्वला एवढंच म्हणाली, "म्याच जोरात दाबलं आसंल." आणि रिमोटची तार नीट गुंडाळून ठेवली.

अप्पांनी चौफुली रफिकचाचांकडं दिली. बाजाराच्या वाटेवर त्यांचं लहानसं दुकान होतं — रेडिओ, टेप, टीव्हीची दुरुस्ती. अख्खं कळंब त्यांच्याकडं जायचं. चार दिवसांनी शाळेतून येताना डबा घेऊन यायला अप्पांनी मला सांगितलं. रफिकचाचांनी माझ्यासमोर चौफुली उलटी धरली आणि म्हणाले, "बेटी, याला कायबी झालं न्हाय. उघडून बघितलं, सगळ्या तारा जित्या हैत. हे बटन दोनवर हुतं. म्या चारवर केलंय. गुरुजींना सांग. पैसे न्हाय घेत, कामच काय केलंय म्या?"

मी मान हलवली. त्यांनी डबा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

आता इथं मी थांबते आहे. चार वेळा हे वाक्य लिहून खोडलं.

घरी जाताना, पिंपळापाशी, मी कागद सोडला आणि बटण परत दोनवर केलं.

का? भीतीनं — असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. गुरुजींना सांग म्हटल्यावर अप्पा विचारणार, बटण दोनवर नेलं कुणी? मग मार बसणार. हे खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. अप्पांचा मार मी आधीही खाल्ला होता, त्याचं एवढं काही वाटत नव्हतं. खरं असं, की चार दिवस उज्वला गप्प बसली होती, अप्पा माझ्याशी पाढ्यांबद्दल बोलत होते, आणि ते मला आवडलं होतं. ते आणखी थोडे दिवस हवं होतं मला. अकरा वर्षांच्या पोरीच्या मनात एवढं असतं का? असतं. माझ्या होतं.

संध्याकाळी डबा लावला, दोन रिमोट मेलेलेच. अप्पांनी उलटासुलटा करून बघितला. त्यांना बटण दिसलं नाही; जवळचा चष्मा त्यांना तेव्हाच लागला होता, पण ते लावत नव्हते. त्यांना दिसले स्क्रू. चारही स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. शेजारचे काका बसले होते, त्यांनी लगेच निदान केलं, "गुरुजी, वरिजनल माल काढला बघा त्यानं. मस्कतचा माल! डुप्लिकेट बशिवला आत." आमच्याकडं हा समज मुरलेला आहे — दुरुस्तीवाला म्हणजे आतला माल बदलणारा. आपण आत कधी बघितलेलं नसतं, म्हणून आत नक्कीच काहीतरी भारी असणार, असं प्रत्येकाला वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अप्पा मला हाताला धरून दुकानावर घेऊन गेले. गर्दी होती. अप्पांचा आवाज वर्गात घुमायचा तसा घुमला आणि लोक थांबले. रफिकचाचा आधी गोंधळले, मग शांतपणे म्हणाले, "गुरुजी, म्या सगळं पोरीजवळ सांगून धाडलंय. इचारा की तिला."

अप्पा माझ्याकडं वळले. "काय गं? काही सांगितलं होतं यांनी?"

मी म्हणाले, "न्हाय."

रफिकचाचांचा हात चौफुली घ्यायला पुढं आला होता. अप्पांनी डबा मागं ओढला. म्हणाले, "आता हात लावायचा न्हाय. अजून काय काढायचं राह्यलंय आतलं?" लोक हसले. आणि रफिकचाचांनी माझ्याकडं बघितलं. बटणाचं ते एका वाक्यात सांगू शकले असते — खाली बघा, दोनवर असंल. मी खोटी पडले असते, तिथल्या तिथं, सगळ्या बाजारासमोर, अप्पांचा हात माझ्या मनगटावर असताना. त्यांनी हात मागं घेतला. खाली बघून समोरचा रेडिओ पुसायला लागले.

पुढं काय झालं म्हणाल तर, काहीच नाही. ना मारामारी, ना पोलीस. फक्त गुरुजी खोटं बोलणार नाहीत, हे कळंबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. लोक टीव्ही टाकायला दुसऱ्या दुकानी जाऊ लागले. ज्यांना रफिकचाचांशिवाय इलाज नव्हता ते सेट द्यायच्या आधी घरीच मागचं झाकण उघडून आत नेलपॉलिशचा ठिपका देऊ लागले, माल बदलला तर कळावा म्हणून. ही युक्ती निघाली आमच्याच घरातून. अप्पांनी शेजारच्या काकांना सांगितली, बाटली आईची होती, आणि आतल्या बारीक जागी बोट कुणाचं जातं? त्यांच्या टीव्हीतला ठिपका मी दिला. लाल. वर्षभरात दुकान बंद झालं. चाचा धाराशिवला कुणाच्या तरी हाताखाली वायरिंगच्या कामाला लागले, असं कानावर आलं. चौफुली अप्पांनी ट्रंकेत टाकली, पुराव्यासारखी. व्हॉलीबॉल संपलं. अप्पांचं ते मोठ्यानं हसणंही संपलं, आणि ते मला परत कधी ऐकायला मिळालं नाही. उज्वला उन्हाळ्याच्या सुट्टीत ईटला गेली आणि तिथंच शिकली.

आणि मी मोठी झाले. लग्न झालं, गावातच. आता मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. कागदावर मी जे लिहीन ते खरं, असं धरून माणसं औषधं घेतात. कुणी कधी मला विचारत नाही, ताई, नक्की का?

गेल्या दिवाळीला दत्ता पुण्याहून आला. त्यानं अप्पांच्या घरची ट्रंक उघडली, जुना गेम काढला, आणि कसलीशी जोडणी आणून तो नव्या टीव्हीला लावला. सगळे जमलो. अप्पा अठ्ठ्याहत्तरचे, खुर्चीत. चौफुली दिसल्यावर म्हणाले, "ते राहू दे, आतनं पोकळ हाय ते." माझी मुलगी सायली चौदा वर्षांची. तिनं डबा हातात घेतला, उलटा केला आणि सहज म्हणाली, "आई, हे दोनवर आहे." नखानं सरकवलं. टक्.

तो आवाज मी ओळखला. तीस वर्षांनी. मला वाटलं, आता काही चालणार नाही, एवढा जुना डबा, चालूच शकत नाही. चौथा नाही चालला. त्याची तार उंदरानं कुरतडली होती. पण तिसरा — सायलीनं दाबलं आणि पडद्यावरचा तिसरा माणूस उडी मारून उभा राहिला.

अप्पा खुर्चीतून उठले. काठी न घेता. टीव्हीच्या अगदी जवळ गेले. सायलीला म्हणाले, "परत दाब." तिनं दाबलं. "परत." मग ते खालीच बसले, जमिनीवर, आणि म्हणाले, "म्हंजी रफिकभाई खरा होता."

मला वाटलं, आता ते माझ्याकडं बघतील. आता विचारतील. एवढं साधं गणित गुरुजींना सुटणार नाही का? त्यांनी बघितलं नाही. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "चष्मा लावला असता तर." त्यांना फक्त स्वतःची चूक दिसत होती. मी त्यांना खोटं सांगितलं असेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. ह्याचा मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही. मी उघडी पडणार म्हणून घाबरले होते. आणि इथं तर कुणी माझ्यावर संशयच घेत नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर अप्पांनी हट्ट धरला. पत्ता शोधला, आणि मला घेऊन एसटीनं धाराशिवला गेले. रफिकचाचा लेकीकडं असतात. दिसतं कमी, पण आवाज तोच. अप्पा आत जाऊन उभे राहिले. ज्यांच्या पाया अर्धं कळंब पडतं, ते माझे वडील वाकले आणि हात जोडून म्हणाले, "रफिकभाई, बटण दोनवर होतं. मला दिसलं न्हाय. मी तुम्हाला बाजारात चोर म्हणालो." चाचांनी त्यांना धरून खाली बसवलं. मग चाचा म्हणाले, "मला वाटलं हुतं, घरी गेल्यावर कुणाला तरी दिसंलच. दोन दिवस वाट बघितली म्या, गुरुजी. मग रोज सेट उघडला की आत लाल टिपका. रोज. एक दिवस उघडायचंच नको वाटाया लागलं."

मी दारापाशी उभी होते. त्यांनी मान वळवली. त्यांना माझा चेहरा दिसत असेल की नाही, मला माहीत नाही. म्हणाले, "बटन लई बारीक असतंय. मोठ्यांच्या बोटाला घावत न्हाय ते." आणि थांबले.

ते थांबले, हे तुम्हाला कळतंय ना? त्यांनी जागा सोडली होती. माझ्यासाठी. त्यांना तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत होतं, आणि बोलायचं काम ते दुसऱ्यांदा माझ्यावर सोडत होते. खोलीत चौघंच होतो — ते दोघं, मी, आणि त्यांची लेक, माझ्याच वयाची, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. एक वाक्य. मला ते पाठ होतं. अप्पा, ह्यांनी सांगितलं होतं. मी तांब्या तिच्या हातून घेतला आणि पाणी प्यायले. चाचांनी क्षणभर वाट बघितली. मग त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितलं.

येताना अप्पा एसटीत रडले. बाजूची बाई विचारत होती, काय झालं म्हणून. मी म्हणाले, म्हातारं माणूस आहे.

त्या दिवसापासून अप्पा ही गोष्ट सगळ्यांना सांगतात. दुधवाल्याला, जुन्या विद्यार्थ्यांना, लग्नात भेटलेल्या पाहुण्यांना. चार लोकांत आळ घेतला, तर चार लोकांतच फेडायचा, असं त्यांचं म्हणणं. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी," असं म्हणतात आणि स्वतःच्या कानशिलात हलकेच मारून घेतात. ऐकणारे म्हणतात, गुरुजींचं मन किती मोठं. मी तिथंच असते, त्या दिवशी बाजारात होते तशी.

काल उज्वला आली होती ईटहून, तिच्या शेतातला हरभरा घेऊन. अप्पांनी तिलाही सांगितलं, पहिल्यापासून. बटण, स्क्रू, बाजार, धाराशिव. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "मामा, मला इतकी वर्सं वाटायचं, माझ्याच हातानं मोडलं." अप्पा म्हणाले, "न्हाय गं बाळा, मोडलंच नव्हतं. चूक माझी होती. रफिकभाईनं कुणाला काही सांगितलंच नव्हतं, तर आम्हाला कळणार कसं? त्यांचाबी विसरभोळेपणा थोडा, पण चूक माझी." मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "हिला विचार. ही होती की तिथं."

मी चहाचे कप उचलत होते. उज्वलानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "व्हय."